अणूची मॉडेल्स पाठ आहेत तरी गोंधळ होतोय? या चुका टाळा

डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर, श्रोडिंगर ही नावं बहुतेकांना ओळीने पाठ असतात, सालंही येतात, पण रदरफोर्डचं नेमकं काय अडलं म्हणून बोरला पुढे यावं लागलं असं विचारलं की उत्तर येत नाही. जवळपास सगळ्या चुका इथूनच सुरू होतात असं माझं मत आहे. आपण पाच वेगळी चित्रं पाठ करतो, आणि एका चित्राने सोडलेला प्रश्न पुढच्याने उचललाय हे बघायचं राहूनच जातं.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवा. हिंदीतून व्हिडिओ बघणाऱ्यांचा हमखास होतो, कारण हिंदीत अ‍ॅटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु, तर मराठीत अ‍ॅटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. व्हिडिओतला अणु तसाच वहीत उतरवलात तर अख्खं वाक्य चुकतं.

रदरफोर्डच्या आकृतीत न्यूट्रॉन काढणं ही तर फारच कॉमन चूक. मॉडेल १९११ चं, न्यूट्रॉन चॅडविकने शोधला १९३२ मध्ये, म्हणजे मधे २१ वर्षं गेली! प्रोटॉन हे नावसुद्धा १९२० च्या सुमारास आलं. सोपा उपाय म्हणजे आकृती काढायच्या आधी शेजारी साल लिहायचं आणि त्या सालापर्यंत जे माहीत होतं तेवढंच काढायचं.

रदरफोर्डचं मॉडेल ज्यातून आलं त्या प्रयोगाबद्दलही घोळ होतात, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण (धन भार असलेले जड कण) सोडून ते कुठे वळतात हे बघायचा प्रयोग. १९०९ मध्ये अंधाऱ्या खोलीत बसून, मायक्रोस्कोपमधून पडद्यावरच्या बारीक चमका मोजायचं काम गायगर आणि मार्सडेन यांनी केलं, रदरफोर्डने त्याचा अर्थ लावला. मग आकड्यांचा वाद येतो, एका पुस्तकात ८००० पैकी १ कण उलटा आला असतं आणि दुसरीकडे २०,००० पैकी १, आणि मुलं वैतागतात की खरं कुठलं. दोन्ही खरे आहेत, फक्त गोष्टी वेगळ्या आहेत. ८००० हा आकडा प्लॅटिनमच्या पत्र्यावरून परत आलेल्या कणांचा, आणि २०,००० हा सुमारे ०.०००४ मिलिमीटर जाडीच्या सोन्याच्या वर्खातून जाताना सरासरी ९० अंशांत वळलेल्यांचा. आणि "अल्फा कण इलेक्ट्रॉनवर आपटून परत आले" असं चुकूनही लिहू नका, अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३०० पट जड असतो, इलेक्ट्रॉन त्याला असा मागे वळवूच शकत नाही. थॉमसनच्या मॉडेलमध्ये धन भार सगळ्या अणूभर पसरलेला, त्यामुळे तिथे एवढा जोर लावणारं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तर ते मॉडेल सोडावं लागलं आणि रदरफोर्डचं आलं, धन भार मधल्या छोट्या केंद्रकात आणि भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन.

आता रदरफोर्डची अडचण. "केंद्रक इलेक्ट्रॉनला ओढतं म्हणून तो आत पडेल" हे उत्तर अर्धवट आहे, सूर्य पृथ्वीला ओढतोच की, ती कुठे पडते? खरं कारण असं की गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची दिशा सतत बदलते म्हणजे त्याला त्वरण असतं, त्वरण असलेला भार प्रारण (रेडिएशन) बाहेर टाकतो, ऊर्जा कमी होत जाते आणि त्या काळच्या नियमांप्रमाणे तो सेकंदाच्या एक अब्जांशाहूनही कमी वेळात केंद्रकात जायला हवा. उत्तरात त्वरण आणि प्रारण हे दोन शब्द नसतील तर ते उत्तर अपुरंच.

बोरने १९१३ मध्ये सांगितलं की ठराविक कक्षांमध्ये असताना ऊर्जा बाहेर पडत नाही, कक्षा बदलली तरच पडते, आणि त्यावरून हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा बरोबर जुळल्या. इथली गणितं चुकली तर उत्तरावरूनच चूक पकडता येते, मला हा भाग फार आवडतो. तिसऱ्या कक्षेतून दुसरीत उडी असेल तर बाहेर पडणारी ऊर्जा १३.६ गुणिले (१/४ वजा १/९), म्हणजे १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं छोटं युनिट), आणि १२४० ला त्याने भागलं की तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर, लाल रेषा. तुमचं उत्तर ५४७ च्या आसपास आलं तर कक्षेच्या क्रमांकाचा वर्ग करायचा राहिलाय. १२२ आलं तर तुम्ही दुसरीतून पहिलीत उडी घेतलीत. ९१ आलं तर इलेक्ट्रॉन पार अणूबाहेर काढायची ऊर्जा धरलीत. ६५६० आलं तर बहुतेक ते अँगस्ट्रॉममध्ये (नॅनोमीटरचा दहावा भाग) आहे, युनिट बघा.

पोटॅशियमच्या १९ इलेक्ट्रॉनांची कवचांमधली मांडणी २, ८, ९ लिहिणारेही खूप आहेत. तिसऱ्या कवचात १८ मावतात हे खरं, पण १९ वा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो कारण तिथलं ४एस हे उपकवच तिसऱ्यातल्या ३डी पेक्षा कमी ऊर्जेचं पडतं, म्हणून २, ८, ८, १.

शेवटची चूक कक्षा आणि ऑर्बिटल एकच समजण्याची. कक्षा म्हणजे वाट. ऑर्बिटलला वाट नसते, श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणातून आणि त्याच वर्षी बॉर्नने लावलेल्या अर्थातून फक्त इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती एवढंच कळतं. म्हणून ढग काढला तरी इलेक्ट्रॉन भुगा होऊन पसरलाय असं समजू नका, मोजायला गेलात तर तो अख्खाच सापडतो. आणि "बोर चुकला" एवढंच लिहून मोकळंही होऊ नका, हायड्रोजनच्या पहिल्या कक्षेची त्याने काढलेली त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम, आणि श्रोडिंगरच्या गणितात इलेक्ट्रॉन सापडण्याची सर्वात जास्त शक्यता असलेलं अंतरही तेवढंच येतं! चुकलं ते कोनीय संवेगात (अँग्युलर मोमेंटम), बोरच्या हिशोबाने पहिल्या कक्षेत तो शून्य नसतो, प्रत्यक्षात १एस या सर्वात कमी ऊर्जेच्या ऑर्बिटलमध्ये कक्षीय कोनीय संवेग शून्यच असतो.