ब्रिज या पत्त्यांच्या खेळातील ‘ट्रम्प’ आणि ‘रफ’ यांतला फरक कसा ओळखावा

हुकमाचा रंग किंवा त्या रंगाचे पान सांगायचे असेल, तर इंग्रजीत ‘ट्रम्प’ हाच शब्द वापरावा. ‘रफ’ ही केवळ कापण्याची क्रिया आहे. क्रियेविषयी शंका आल्यास त्या हाताची उतारी, म्हणजे त्या फेरीत सर्वांत आधी टाकलेले पान, पाहावी. हुकूम इस्पिक आहे, उतारी चौकटची झाली आणि आपल्याकडे चौकट उरली नसल्याने आपण इस्पिकच्या दुर्रीने प्रतिस्पर्ध्याचा एक्का कापला, तर तो ‘रफ’ होय. तिथे क्रियापद म्हणून ‘ट्रम्प’ही चुकीचे नाही, पण मुरलेले ब्रिजपटू (आणि माझ्या मते योग्यच) ‘रफ’ला पसंती देतात. मात्र उतारीच हुकमाची असताना राजाने राणी मारली, तर त्याला ‘रफ’ मुळीच म्हणू नये.