कॉक्लिअर इम्प्लांट असताना नवा फोन: दुकानात जाण्याआधीची तयारी

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या आतल्या कानात ऑपरेशनने बसवलेलं यंत्र, आणि त्याला आवाज पोचवणारा, बाहेरून लावायचा भाग म्हणजे प्रोसेसर. पहिलं काम फोनचं नाही, कपाटाचं. प्रोसेसरचा मूळ खोका वरच्या कप्प्यात कुठेतरी असतो. तो खाली काढायचा आणि वॉरंटी कार्डावरचं मॉडेलचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्यायचं. कागदावर अशासाठी, की दुकानात जुन्या फोनमधला डेटा नव्यात जात असतो आणि आपली नोंद नेमकी त्या जुन्या फोनमध्ये अडकलेली असते. सहा-सात वर्षं इम्प्लांट वापरणाऱ्या माणसालाही ‘प्रोसेसर कोणता?’ असं विचारलं तर ‘करड्या रंगाचा, कानामागे लावायचा’ एवढंच सांगता येतं. मीही त्यातलीच होते.

नाव पूर्ण हवं, कारण एका आकड्याने सगळं बदलतं. कॉक्लिअर कंपनीचा न्यूक्लिअस 6 फोनचा आवाज थेट घेत नाही, त्याला मध्ये फोन क्लिप नावाची डबी लागते, ती कॉलरला अडकवायची. न्यूक्लिअस 7 आला 2017 मध्ये. तो आयफोनचा आवाज थेट घेतो, आणि पुढे काही ठरावीक अँड्रॉइड फोनांचाही घेऊ लागला. ऑस्ट्रियाच्या मेड-एलचे सॉनेट 2 आणि राँडो 3 हे ऑडिओलिंक नावाच्या छोट्या उपकरणातून फोनला जोडतात. त्यात फोन कुठलाही चालतो, पण रात्री चार्जिंगला लावायच्या वस्तूंमध्ये एकीची भर पडते. ॲडव्हान्स्ड बायोनिक्सचे मार्व्हल मालिकेतले प्रोसेसर नेहमीच्या हेडफोनसारख्या ब्लूटूथवर चालतात, त्यामुळे समोरचा फोन कुणाचा आहे याचं त्यांना सोयरसुतक नसतं. म्हणूनच ‘इम्प्लांटवाल्यांसाठी बेस्ट फोन कोणता?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुझा प्रोसेसर कोणता?

ऑपरेशनमध्ये आत बसवलेला भाग इथे मोजायचाच नाही. फोनशी बोलतो तो बाहेरचा प्रोसेसर. इम्प्लांट पंधरा वर्षांचं आणि प्रोसेसर मागच्या वर्षीचा, असं सहज असू शकतं. मुलाला अपंगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून, म्हणजे वांद्र्याची अली यावर जंग संस्था जिचं काम पाहते त्या योजनेतून इम्प्लांट मिळालं असेल, तर त्यासोबतचा प्रोसेसर थेट ब्लूटूथचा असेलच असं धरून चालू नका. आधी खोका बघा. प्रोसेसर जुना, केबल लावून ऐकायचा असेल, तर फोनला 3.5 मिमीची हेडफोनची खाच आहे का, हाच पहिला प्रश्न होतो. आजकाल बऱ्याच महागड्या फोनांना ती नसते आणि स्वस्तातल्यांना असते, म्हणजे इथे पैसे वाचतात. एक मात्र पाळा, फोन चार्जरला लावलेला असताना ती केबल प्रोसेसरला जोडायची नाही.

आता माझी फजिती. मागच्या खेपेला मी लक्ष्मी रोडच्या आसपासच्या एका दुकानात शिरले आणि चांगला कॅमेरावाला अँड्रॉइड उचलला. ‘इम्प्लांटला जोडता येईल ना?’ असं विचारलं. ‘ब्लूटूथ आहे ना मॅडम, मग चालणारच.’ घरी आले, प्रोसेसरच्या कंपनीचं ॲप टाकलं. प्रोसेसर लगेच सापडला, बॅटरी किती उरली ते दिसलं, आवाज कमी-जास्त झाला. मी खूश. मग बहिणीचा फोन आला आणि तिचा आवाज कानात यायच्या ऐवजी टेबलावरच्या फोनमधून सगळ्या घराला ऐकू गेला.

तेव्हा कळलं की ॲप चालणं आणि आवाज येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप प्रोसेसरला छोटे-छोटे निरोप पाठवतं, ते बहुतेक कुठल्याही फोनला जमतं. सलग आवाज पाठवायचा, म्हणजे स्ट्रीमिंग करायचं, तर फोनमध्ये त्यासाठी वेगळी सोय लागते. ॲपलची सोय ‘मेड फॉर आयफोन’ या नावाने ओळखली जाते. अँड्रॉइडवर जी आहे तिचं लघुरूप गंमत म्हणजे ‘आशा’ असं होतं. आपल्या आशाताईंशी तिचा संबंध नाही, ते ऑडिओ स्ट्रीमिंग फॉर हिअरिंग एड्स या लांबलचक नावाचं आद्याक्षरी रूप आहे. ती 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून आली, पण फोन बनवणाऱ्या कंपनीने ती आपल्या फोनमध्ये घातली असेल तरच मिळते. नुसतं ‘अँड्रॉइड 10 च्या पुढचा आहे’ यावर विसंबलात तर माझ्यासारखं होईल. ब्लूटूथ एलई ऑडिओ ही तिसरी, नवी व्यवस्था अँड्रॉइड 13 पासून येते आहे आणि पुढे बहुधा तीच सगळीकडे होईल. ‘पुढच्या अपडेटमध्ये मिळेल’ या शब्दावर मात्र मी आता पैसे मोजत नाही. आज काय चालतं ते बघून घेते.

म्हणून दुसरं काम: प्रोसेसरच्या कंपनीच्या वेबसाइटवर सुसंगत फोनांची यादी असते, ती उघडायची. फोनच्या जाहिरातीवर जायचं नाही, फोन विकणाऱ्याच्या माहितीवर तर नाहीच. यादीत नाव शोधताना शेपटासकट शोधा. ‘प्रो’, ‘लाइट’, ‘एफई’ ही शेपटं म्हणजे आतून पुष्कळदा वेगळाच फोन असतो. आपल्या बजेटात बसणारे दोन-तीन फोन त्या यादीतून उतरवून घ्या आणि त्याबाहेरच्या फोनकडे, कितीही सूट असली तरी, ढुंकून बघू नका. जुना आयफोन स्वस्तात मिळत असेल तर ॲपला आयओएसची कोणती आवृत्ती लागते आणि तो फोन तिथपर्यंत पोचतो का, हे आधी पाहा.

अमेरिकेतून भाचा फोन आणणार असेल तर तिकडच्या फोनच्या माहितीत एम3, टी4 असे आकडे दिसण्याची शक्यता आहे. एम म्हणजे फोनच्या लहरींमुळे मायक्रोफोनमध्ये होणारी खरखर किती कमी, आणि टी म्हणजे टेलिकॉइलवर, फोनच्या चुंबकीय लहरींतून आवाज पकडणाऱ्या प्रोसेसरमधल्या तारेवर, किती चांगलं ऐकू येतं. 3 किंवा 4 असेल तर ठीक. नव्या फोनांवर आकड्यांऐवजी नुसतं सुसंगत असल्याचं लिहिलेलं असतं. या सगळ्याचा थेट स्ट्रीमिंगशी काही संबंध नाही, हे भाच्यालाही सांगून ठेवा.

तिसरं काम ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे. पुढच्या मॅपिंगची, म्हणजे तिथे प्रोसेसरचा आवाज आपल्याला जुळवून घ्यायची, तारीख जवळ असेल तर फोन त्याच्या आधी घ्या, नंतर नको. काही प्रोसेसरांचं आतलं सॉफ्टवेअर क्लिनिकमध्येच अपडेट होतं, आणि टेलिकॉइल चालू करणं किंवा फोनचा आवाज येत असताना आजूबाजूचा आवाज किती राहू द्यायचा, ते प्रमाणही तिथेच बसवून मिळतं. मी सुरुवातीला बाहेरचं जवळजवळ बंद करून घेतलं होतं. मग फोनवर बोलताना कुकरच्या शिट्ट्या कळेनात आणि एकदा वरणाचं काय झालं ते न सांगितलेलं बरं. आता थोडं बाहेरचंही येतं.

सिमकार्डाचा विचार फोनइतकाच करा. जुन्या 2जी वर फोनचा रेडिओ सेकंदाला सुमारे 217 वेळा चालू-बंद होतो आणि तोच ठोका प्रोसेसरमध्ये गुणगुण होऊन शिरतो. स्मार्टफोनवर व्हीओएलटीई, म्हणजे 4जी वरून कॉल जाण्याची सोय, चालू असेल तर हा त्रास बहुतेक जातो, पण खरा फायदा दुसरा आहे. साध्या कॉलमध्ये 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज येतो. व्हीओएलटीईवरच्या एचडी कॉलमध्ये तो 7000 पर्यंत जातो, आणि आपल्या ‘स’, ‘श’ची बरीचशी धार त्या वरच्या भागात असते. ज्यांना जन्मापासून ऐकू येतं त्यांना हा फरक ‘आवाज जरा स्वच्छ’ एवढाच वाटतो. माझ्यासाठी तो ‘साठ’ आणि ‘आठ’ यांच्यातला फरक आहे, आणि भाजीवाला फोनवर भाव सांगत असला की तो 52 रुपयांचा फरक असतो. ही सोय दोन्ही टोकांना लागते, तेव्हा ज्यांच्याशी रोज बोलता त्यांच्या फोनची सेटिंगंही एकदा बघून या. आत्याच्या फोनवर व्हीओएलटीईचं बटण बंद होतं. कुणी बंद केलं, का, कुणालाच माहीत नाही.

आदल्या संध्याकाळी पिशवी भरायची. कागदावरची नोंद, प्रोसेसरच्या भरलेल्या बॅटऱ्या आणि एक जादा जोडी, कारण स्ट्रीमिंगने बॅटरी भराभर उतरते. झिंक-एअरचे 675 नंबरचे सेल वापरत असाल तर न उघडलेली एक पट्टी. मधलं उपकरण लागत असेल तर ते, चार्ज करून. सोबत चालू सिम. आणि ज्यांचा आवाज तुम्हाला सगळ्यात अवघड जातो अशा एका माणसाला सांगून ठेवायचं की उद्या अकरा वाजता फोन करीन, उचल. बहिणीवर चाचणी घेऊ नका, तिचं अर्धं बोलणं आपल्याला तिने तोंड उघडायच्या आधीच माहीत असतं. मी आत्याला धरते. ती कऱ्हाडला असते, दात नाहीत, आणि मागे टीव्ही चालू असतो. तिच्याकडे एक चिठ्ठी दिलेली आहे, तिने त्यातले आकडे वाटेल त्या क्रमाने, काही पुन्हा घेऊन, दहा वेळा वाचायचे: सात, साठ, आठ, एकोणसाठ, एकोणसत्तर, सदुसष्ट, सत्याहत्तर. दहातले सात मला बरोबर आले तर फोन पास.

दुकानात डेमोचा फोन मागा, तो सीलबंद खोक्यातला नसतो त्यामुळे कुणी कुरकुर करत नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे हिअरिंग डिव्हायसेस. तिथून प्रोसेसर जोडायचा, नेहमीच्या ब्लूटूथच्या पानावरून नाही (मार्व्हल आणि ऑडिओलिंक मात्र नेहमीच्या ब्लूटूथवरूनच). जोडला गेला की आधी एखादा व्हिडिओ लावून आवाज कानात येतो का बघा, मग आपलं सिम घालून साधा कॉल करा, आणि शेवटी व्हॉट्सॲपवरून. तिन्ही वेगवेगळं तपासायचं. व्हिडिओ छान ऐकू येतो आणि कॉल फोनमध्येच वाजतो, असंही होतं. गर्दी, हॉर्न, शेजारी कुणीतरी रिंगटोन निवडतोय, हे सगळं असू द्या. घरी शांततेत कुठलाही फोन चांगलाच वाटतो.

स्ट्रीमिंग नसताना फोन कसा धरता येतो तेही तिथेच करून पाहा. आपला मायक्रोफोन कानाच्या भोकात नाही, कानाच्या वरच्या कडेला प्रोसेसरवर आहे. फोनचा ऐकायचा भाग तिथे वर नेऊन, बोटभर मागे-पुढे सरकवत, आवाज एकदम भरून येतो ती जागा शोधायची. मोठ्या, जड फोनला ही कसरत हाताला लागते. दुकानदार विचित्र बघतो, बघू दे. आणि स्ट्रीमिंग चालू असलं तरी बऱ्याच जोड्यांमध्ये आपलं बोलणं फोनच्याच माइकमधून जातं, प्रोसेसरच्या नाही. फोन पर्समध्ये ठेवून ऐटीत बोलायला गेले तेव्हा मला आत्याचा शब्द न् शब्द कळत होता आणि ती ओरडत होती, ‘अगं, ऐकू येत नाही!’

चुंबकाचंही पाहून घ्या. आयफोन 12 पासून बहुतेक आयफोनांच्या पाठीत चुंबकांचं कडं असतं, आणि झाकणाला चुंबक असलेली पाकिटासारखी कव्हरं तर सगळ्याच फोनांना मिळतात. आपल्या डोक्यावरची कॉइल, म्हणजे आवाज कातडीपलीकडे इम्प्लांटला पोचवणारी चकती, तीही चुंबकावरच बसते. असला फोन किंवा चार्जर कॉइलच्या जागी टेकवायचा नाही, उशीखाली ठेवून झोपायचं नाही. घरात कुणाला पेसमेकर असेल तर ॲपल 15 सेंटिमीटर, आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना 30 सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतं, तेही लक्षात असू द्या. कव्हर साधं रबराचं घ्या.

पैसे देण्याआधी बदलून देण्याबद्दल विचारा, आणि ‘प्रोसेसरला आवाज आला नाही तर इतक्या दिवसांत बदलून’ एवढं बिलावर लिहून मागा. खोका उघडला की परत नाही, हे बहुतेक ठिकाणचं उत्तर. लिहून दिलं नाही तर डेमोवर चाचणी झाल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका.

घरी आल्यावर त्या रात्री एवढंच करा: फोन आल्यावर फ्लॅश चमकेल अशी सेटिंग, कंपन जोरात, आणि अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब. हे ॲप समोरच्याचं मराठी बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं. कॉलसाठी ते बनलेलं नाही, पण बँकेच्या काउंटरवर काचेपलीकडचा माणूस मास्क लावून बोलत असला की मी फोन सरळ त्याच्यासमोर धरते. आयफोन असेल तर लाइव्ह लिसन शिकून घ्या, फोन टेबलावर बोलणाऱ्याजवळ सरकवला की तोच तुमचा माइक होतो.

सिस्टिमचं मोठं अपडेट आलं तर पहिल्या दिवशी टाकू नका. प्रोसेसरच्या कंपनीच्या यादीत ती आवृत्ती दिसेपर्यंत थांबा. जोडणी तुटलीच तर प्रोसेसर ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडला की बहुतेक वेळा जमतं.

आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन हजार-दीड हजार वाचवायचा मोह महिनाभर आवरा. नव्याने दगा दिला तर रात्री अकराला ओटीपीचा कॉल घ्यायला तोच हाताशी लागतो. माझा अजून खणात आहे, चार्जरसकट.