ऐकिदोची सुरुवात कशी करावी

मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी जपानमध्ये घडवलेल्या ऐकिदो या युद्धकलेत, त्यांचे शिष्य केन्जी टोमिकी यांच्या परंपरेचा अपवाद वगळता, स्पर्धा नसतात. त्यामुळे लातूर-परभणीकडे जत्रेतल्या कुस्त्या पाहत वाढलेल्या माणसाला ‘मग जिंकले कोण?’ हा प्रश्न पडणे साहजिक आहे.

आरंभ पडण्यापासून, म्हणजेच उकेमीपासून करावा. हनुवटी छातीकडे ओढून, पाठ गोल ठेवून मागे जावे आणि डोके जमिनीला न लागू देता तळहातासह कोपरापर्यंतचा हात सपाट आपटावा. हा सराव घरातल्या शहाबादी फरशीवर मुळीच करू नये; ज्युदोची मॅट किंवा तालमीतली उकरलेली माती हवी. उन्हाळ्यात अर्थातच पहाटे.

पुढची पायरी तेन्कान, म्हणजे पावलावर मागे वळणे. जोडीदाराने मनगट धरले की हात हिसकावू नये. धरलेल्या हाताच्याच बाजूचे पाऊल त्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला ठेवावे, त्यावर मागे वळावे आणि तो पाहतो त्याच दिशेला तोंड करून त्याच्या शेजारी उभे राहावे, म्हणजे त्याचा जोर अडवावा न लागता पुढे निघून जातो.

सौम्य म्हटली तरी या कलेत सांधे पिळले जातात आणि ते चांगलेच दुखतात, म्हणून वेदना जाणवताच मॅटवर थाप मारावी, आणि थाप ऐकताच जोडीदाराने पकड सोडावी.