बास्केटबॉलचे शूज घसरतात, चावतात, फाटतात? या चुका टाळा

संध्याकाळी कुठल्याही कोर्टवर जा, एक तरी पोरगा नव्या शूजला शिव्या घालताना दिसेल. डिफेन्सला खाली वाकला, बाजूला सरकायला गेला आणि पाय निसटून थेट बूड टेकलं. शूज महागाचे, त्यातून एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, कुणा खेळाडूच्या नावाचे, त्यामुळे राग दुप्पट. अशा पोराला मी आधी पाय वर करायला सांगतो. सोल धुळीने पांढराफटक पडलेला असतो. शूज बिचारे ज्या फरशीसाठी बनले, ती फरशी इथे नसतेच.

बहुतेक नामांकित कंपन्यांचे वरच्या किमतीचे शूज पॉलिश केलेलं लाकडी कोर्ट डोळ्यांसमोर ठेवून बनतात. तिथे खेळ थांबला की लगेच कुणीतरी घाम आणि धूळ पुसून घेतं. आपल्याकडे लाकडी कोर्ट मोजक्या इनडोअर संकुलांत. मुंबईतल्या नागपाड्यासारख्या बास्केटबॉलवेड्या भागातली पोरंही उघड्या कोर्टवर खेळूनच मोठी होतात. म्हणून ‘शूज वाईट निघाले’ या निष्कर्षाला येण्याआधी, ते कुठल्या कोर्टवर वाईट निघाले हे विचारायचं.

कोर्ट न बघता सोल निवडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सोलचं रबर मऊ असेल तर ते स्वच्छ लाकडावर घट्ट धरतं, पण सिमेंटवर झपाट्याने झिजतं आणि धूळही पटकन ओढून घेतं. रबर कडक असेल तर सिमेंटवर टिकतं, मात्र गुळगुळीत फरशीवर तेवढं धरत नाही. दोन्ही गुण एकाच सोलमध्ये पुरेपूर मिळत नाहीत, दुकानदार काहीही सांगो. नव्या ॲक्रिलिक कोर्टच्या रंगात तर बारीक वाळू मिसळलेली असते. तिथे ग्रिप झकास मिळते, पण सोल सँडपेपरवर घासल्यासारखा खरवडला जातो. मऊ सोलचे शूज घालून अशा कोर्टवर रोज खेळलात तर थोड्याच महिन्यांत चवड्याखालची नक्षी गायब.

दुकानात शूज हातात आले की आधी उलटे करा. अंगठ्याचं नख सोलवर दाबून बघा: सहज रुतलं तर रबर मऊ. मग खाचा बघा. माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी असलेला, खोल खाचांचा सोल धुळीच्या कोर्टवर सहसा चांगला चालतो, कारण धूळ खाचांत जाते आणि कडा जमीन धरत राहतात. खाचा उथळ असल्या, किंवा नक्षीच्या जागी खेळाडूचा लोगो नाही तर सही कोरलेली असली, की ती नुसती दिसायला छान. नायकेच्या काही शूजच्या सोलवर ‘एक्सडीआर’ ही अक्षरं असतात. ती जास्त टिकाऊ रबराची खूण, उघड्या कोर्टवर खेळणाऱ्याने ती जरूर शोधावी. आरपार दिसणाऱ्या काचेसारख्या सोलबद्दल माझं मत वाईट आहे. फोटोत सुंदर, पण धुळीत बरेच असे सोल लवकर हार मानतात.

शूज घेऊन झालेत आणि आता घसरतायत, तर उपाय साधा आहे. ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं बेंचखाली ठेवा आणि प्रत्येक ब्रेकला सोल पुसा. एनबीएत स्कोअररच्या टेबलाजवळ चिकट चटई ठेवलेली असते, खेळाडू आत जाताना तिच्यावर पाय घासून जातात. आपलं फडकं तेच काम करतं. थुंकी लावून तळहाताने पुसण्याची सवय मात्र सोडा. हाच हात पुढच्या क्षणी बॉलवर जातो. आणि घरून कोर्टपर्यंत चपलेत या. रस्त्यावरची खडी आणि ऑइलचे डाग सोलवर घेऊन खेळायला उतरणारे इतके आहेत की मला याचं नेहमी नवल वाटतं.

अगदी कोऱ्या शूजबद्दल एक वेगळी गोष्ट. नव्या रबरावर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो. पहिल्या काही सरावांत तो घासून जातो आणि ग्रिप सुधारते. त्यामुळे शुक्रवारी खरेदी आणि शनिवारी मॅच हा बेत नको.

पावसाळ्यात कोब्यावर शेवाळ धरलं असेल तर कुठलाही सोल कामाचा नाही. कोर्ट खरवडून घ्या, नाही तर त्या दिवशी खेळू नका.

रनिंग शूज घालून बास्केटबॉल

‘शूज ते शूज’ असं म्हणून जॉगिंगचे बूट घालून उतरणारे पुष्कळ. रनिंगचा शूज सरळ पुढे जाण्यासाठी बनलेला असतो. खाली जाड, मऊ फोम, वर पातळ जाळी. बास्केटबॉलमध्ये पाय सारखा आडवा जातो: डिफेन्सला सरकणं, ड्राइव्ह करताना, म्हणजे बॉल घेऊन बास्केटकडे घुसताना, अचानक दिशा बदलणं, एका पायावर पिवट, म्हणजे तो पाय जागेवर ठेवून गर्रकन फिरणं. अशा वेळी फोम एका बाजूला दबतो, पाय जाळीसकट सोलच्या बाहेर लोटला जातो आणि घोटा आतल्या बाजूला वळतो. बास्केटबॉलच्या चांगल्या शूजचा सोल चवड्याच्या बाहेरच्या बाजूला थोडा पुढे आलेला असतो. तो तिथे नुसता शोभेला नसतो. पाय आडवा टाकताना त्याचाच टेकू मिळतो.

उंच गळ्याचा शूज घेतला म्हणजे घोटा सुरक्षित

हा समज पिढ्यान्पिढ्या चालत आलाय आणि आई-वडील तर यावर ठाम असतात. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६२२ कॉलेज खेळाडूंना चिठ्ठ्या टाकाव्या तसे उंच आणि बुटक्या गळ्याचे शूज वाटून दिले होते. संपूर्ण मोसमात घोटा मुरगळण्याच्या १५ घटना घडल्या आणि दोन्ही प्रकारांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पुढे २००८ च्या अखेरीस एनबीएतला दिग्गज खेळाडू कोबी ब्रायंटने हट्टाने बुटक्या गळ्याचा शूज बनवून घेतला. फुटबॉलपटू एवढे वळतात ते आखूड बुटांतच, हा त्याचा मुद्दा. आज एनबीएत बुटक्या गळ्याचे शूज सर्रास दिसतात.

मग घोटा मुरगळतो कशाने? २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दहा हजारांहून जास्त खेळाडू-हजेऱ्यांची (एक खेळाडू एकदा खेळला की एक हजेरी) नोंद ठेवून हे तपासलं. आधी घोट्याला दुखापत झालेल्यांना पुन्हा होण्याचा धोका जवळपास पाचपट निघाला. टाचेत हवेची पिशवी असलेले शूज घालणाऱ्यांना चौपटीहून थोडा जास्त. खेळण्याआधी स्ट्रेचिंग न करणारेही धोक्याच्या यादीत होते. म्हणजे जुना मुरगळलेला घोटा नीट बरा न करता ‘आता हाय-टॉप घेतो’ असं म्हणणं ही फसवणूक आहे. ज्याचा घोटा एकदा गेलाय त्याने लेस बांधायचा ब्रेस वापरावा आणि एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम रोज करावेत. उंच गळा आवडत असेल तर खुशाल घ्या, भरवसा मात्र त्याच्यावर टाकू नका.

वाढत्या अंगाचे शूज

गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर चालतं, फार तर बाह्या दुमडाव्या लागतात. शूज मात्र एक नंबर मोठे घेतले की पाय आत पुढे-मागे सरकतो. थांबताना बोटं पुढे जाऊन आपटतात, अंगठ्याचं नख काळं पडतं, टाचेला फोड येतात. वर भर म्हणून दोन-दोन मोजे घालतात. त्याने पाय भरतो, पण सरकायचा थांबत नाही, आणि सुती मोजे घामाने भिजले की फोड आणखी लवकर. नायलॉन किंवा पॉलिएस्टर मिश्रणाचा, टाचेला जाड असलेला एकच मोजा पुरे.

नंबरचा घोळ मोठ्यांचाही होतो, विशेषतः ऑनलाइन घेताना. आपल्याकडे यूके नंबर चालतो, परदेशी साइटवर यूएस. दोन्हींतला फरक सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो. पुरुषांच्या शूजमध्ये नायकेचा यूके ८ म्हणजे यूएस ९, तर आदिदासचा यूके ८ म्हणजे यूएस साडेआठ. बॉक्सवरच्या लेबलवर पायाची लांबीही छापलेली असते. पहिल्यावर २७ सेंटिमीटर, दुसऱ्यावर साडेसव्वीस. तोच ‘आठ नंबर’, पण अर्ध्या सेंटिमीटरचा फरक. म्हणून नंबर सोडा आणि सेंटिमीटर बघा. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा आणि मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा निघेल तो धरा. हे संध्याकाळी करा, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो आणि खेळतानाही तसाच असतो. बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी, टाच मात्र जराही उचलली जाऊ नये. चवडा रुंद असेल आणि करंगळी दाबली जात असेल तर लांबी वाढवून प्रश्न सुटत नाही. दुसरं मॉडेल शोधा.

लेस एकदाच बांधून कायमची ठेवणं

शाळेच्या बुटांसारखी गाठ तशीच ठेवून पाय आत कोंबायचा, ही सवय टाचेची कड चिरडते आणि टाच आत खेळायला लागते. प्रत्येक वेळी लेस चवड्यापासून सैल करा, पाय घाला, टाच मागे आपटून बसवा आणि मग खालून वर ओढत या. तरीही टाच सुटत असेल तर सगळ्यात वरच्या भोकाकडे बघा. बहुतेकांनी ते मोकळंच सोडलेलं असतं. दोन्ही बाजूंना लेस त्याच बाजूच्या वरच्या भोकात घालून छोटा फास ठेवा. मग उजवी लेस डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून काढा. दोन्ही टोकं खाली, टाचेच्या दिशेने ओढा आणि मग गाठ मारा. घोटा न आवळता टाच जागेवर बसते. उलट खेळता खेळता पायाची बोटं बधिर होत असतील किंवा पायाचा वरचा भाग दुखत असेल, तर मधल्या भागात लेस फार ताणलेली आहे. तिथलं एक आडवं वळण गाळून टाका.

वजनाचा विचार न करणं

२० फेब्रुवारी २०१९ ला ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकेतल्या कॉलेज सामन्यात पहिल्याच मिनिटात ड्यूकच्या झायन विल्यमसनचा डावा शूज फाटला आणि पाय आरपार बाहेर आला. गुडघा दुखावला आणि पुढचे काही सामने हुकले. तेव्हा त्याचं वजन १२९ किलोच्या आसपास होतं. आपल्यापैकी कुणी एवढ्या ताकदीने पिवट करत नाही, हे खरं. तरी बास्केटजवळ धक्काबुक्की करणाऱ्या नव्वद किलोच्या सेंटरने बॉल घेऊन पळणाऱ्या चपळ गार्डसाठी बनवलेले पिसासारखे हलके शूज घेतले तर शिवण आणि सोलचा जोड आधी तुटणार. वजनदार खेळाडूने बाजूला जाड आधार आणि थोडा घट्ट फोम असलेला शूज घ्यावा. मऊ फोम दुकानात चालून बघताना सुखाचा वाटतो, पण चौथ्या क्वार्टरपर्यंत बसून जातो.

धुणं, वाळवणं आणि निवृत्त न करणं

वॉशिंग मशीन आणि गरम पाण्याने गोंद सुटतो. उन्हात ठेवले तर रबर कडक होतं आणि सोल कोपऱ्यातून उघडायला लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात शूज गच्चीवर वाळत घालणं किंवा गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवणं म्हणजे पैसे जाळणं. आतली गादी काढा, कागद कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. जुन्या दातघासणीने खाचांतली माती काढा, नुसत्या पाण्याने.

याच्या उलट टोकाचेही लोक असतात. महाग शूज ‘खास मॅचसाठी’ कपाटात जपून ठेवतात. ज्यांच्या मिडसोलमध्ये, म्हणजे पाय आणि खालच्या रबराच्या मधल्या फोमच्या थरात, पॉलियुरेथेन हे प्लास्टिक असतं, ते शूज न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर लवकरच. काही वर्षांनी काढून घातले की सोलचा भुगा पडतो. जुने दुर्मिळ जॉर्डन शूज विकत घेणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

वापरातले शूज कधी सोडायचे? टेबलावर ठेवून मागून बघा: एका बाजूला झुकलेले दिसले, मिडसोलवर आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या, किंवा पूर्वी न दुखणारी टाच आणि गुडघे सरावानंतर दुखायला लागले, तर फोम मेला आहे, वरून शूज कितीही चकचकीत दिसोत. नवी गादी टाकून थोडे दिवस निभतात, मिडसोल परत येत नाही. नवे आले की जुन्यांना फ्री थ्रो आणि नुसत्या शूटिंगच्या सरावाला ठेवा. उडी मारायचं आणि झटक्यात दिशा बदलायचं काम त्यांना देऊ नका.