विल्यम्सचं सगळ्यात भारी ॲक्शन संगीत कोणतं: वाद घालण्याची रीत

हॉलीवूडचा चित्रपटसंगीतकार जॉन विल्यम्स याची सर्वोत्तम ॲक्शन रचना, म्हणजे पाठलाग-लढायांसाठीचं संगीत, कोणती, यावर चार जण वाद घालायला बसले की अर्ध्या तासात गाडी इंडियाना जोन्सच्या टोपीवर घसरते. एकाच्या कानात थिएटरमधला आवाज असतो, दुसऱ्याच्या कानात एलपीवरचा, तिसऱ्याच्या कानात बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमातला. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. म्हणून रचना, तिचं ध्वनिमुद्रण आणि आवाजाची पातळी एवढं आधी पक्कं करायचं. मतं नंतर. त्यासाठी घरीच एक ऐकायची बैठक ठरवायची.

निमंत्रण देताना 'ऑर्केस्ट्रा ऐकायला या' एवढंच लिहू नका. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेतला रात्रीचा गाण्यांचा कार्यक्रम, आणि लोक त्याच तयारीने येतात.

माणसं सहा ते आठ पुरेत. त्यात स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) वाचणारा एक हवाच. गोव्यात तो शोधायला फार फिरावं लागत नाही. चर्चच्या शाळांतून सोल्फा (डो-रे-मी) आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा जुनी आहे, त्यामुळे ओळखीत कुणीतरी निघतोच. दुसरा हवा तबला किंवा पखवाज वाजवणारा. भजनी मंडळातला माणूस इथे सगळ्यात उपयोगी पडतो. का ते पुढे येईलच.

रचना चारच घ्या. निवाडा जोड्या लावून करायचा असल्याने चार रचनांच्या सहा जोड्या होतात, सहांच्या पंधरा आणि आठांच्या अठ्ठावीस. अठ्ठावीस वेळा कुणीही प्रामाणिक राहत नाही. पहिल्या बैठकीसाठी ही चौकडी सोयीची: 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मधल्या 'द ॲस्टरॉइड फील्ड' आणि 'द बॅटल इन द स्नो', 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मधली 'डेझर्ट चेस', आणि 'द फँटम मेनेस' (१९९९) मधली 'ड्युएल ऑफ द फेट्स'. चारही लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेल्या आहेत, ही मोठी सोय. 'टेम्पल ऑफ डूम' (१९८४) यात मिसळलंत तर ते लॉस एंजेलिसमधल्या वादकांनी वाजवलेलं आहे. तिथल्या ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा, पोत वेगळा, आणि त्या पोताचं श्रेय किंवा दोष नकळत रचनेच्या खात्यावर जमा होतो. लंडनच्या ट्रम्पेटची ती धार बरीचशी वादक मॉरिस मर्फीची. तो १९७७ मध्ये त्या वाद्यवृंदात आला आणि त्याचं तिथलं पहिलंच काम 'स्टार वॉर्स' होतं.

आता ध्वनिमुद्रण. सर्वात जास्त फसगत इथेच होते. 'जॉज'ची १९७५ची एलपी म्हणजे चित्रपटातलं संगीत नव्हे. अल्बमसाठी ते पुन्हा वाजवलेलं आहे आणि मूळ ध्वनिमुद्रण २००० साली बाहेर आलं. 'रेडर्स'चा १९८१चा अल्बम आखूड आहे, १९९५ची सीडी लांब. शिवाय विल्यम्स १९८० ते १९९३ बॉस्टन पॉप्सचा संचालक होता, त्यामुळे त्याच रचनांची त्यानेच वाजवून घेतलेली दुसरी रूपंही आहेत. स्ट्रीमिंगवर ही सगळी एकाच नावाखाली शेजारीशेजारी दिसतात. कव्हरवर वाद्यवृंदाचं नाव वाचा, लांबी मिनिट-सेकंदांत लिहून घ्या आणि बैठकीच्या दोन दिवस आधी सगळ्यांना तीच लिंक पाठवा. हॅल लिओनार्ड या प्रकाशकाने छापलेल्या स्वरलिपी समोर ठेवल्या तर उत्तमच, मात्र त्या बहुधा मैफलीसाठी बेतलेल्या असतात. कागदावर शेवट वेगळा दिसला म्हणून गोंधळू नका.

जुन्या घराची साल (दिवाणखाना) दिसायला भव्य आणि ऐकायला वाईट. चिऱ्याच्या भिंती, लाल सिमेंटची किंवा टाइल्सची जमीन, वर उंच छप्पर. खोलीच्या मध्ये उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागे झणझण शेपूट ऐकू आलं तर ब्रासचे भराभर येणारे सूर एकमेकांत मिसळणार आणि लोक म्हणणार, 'नुसता गोंगाट आहे.' दोष विल्यम्सचा नसतो, जमिनीचा असतो. स्पीकर आणि श्रोते यांच्यामध्ये चटया अंथरा, मागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगा, पडदे ओढा आणि पुन्हा टाळी वाजवा. स्पीकर भिंतीपासून निदान ५० सेंटिमीटर पुढे घ्या. कोपऱ्यात ठेवले तर खर्ज फुगतो, आणि ट्यूबा कुठे संपला नि डबल बेस कुठे सुरू झाला ते कळत नाही. दोन स्पीकर आणि मधली बैठक यांचा साधारण समभुज त्रिकोण करा, बाजू दोन-अडीच मीटरची. एकुलत्या ब्लूटूथ डब्यावर ही बैठक घेऊच नका. व्हायोलिनं डावीकडे आणि खर्ज उजवीकडे हा संवादच त्यात मरतो.

जून ते सप्टेंबर टाळलेलं बरं. कौलांवर पाऊस कोसळायला लागला की रचनेतला शांत भाग गायब होतो आणि सतत दणदणणारी रचना फुकटात जिंकते. पावसाळ्यात आणखी एक हमखास रडगाणं: प्लगांवर हिरवट थर चढतो आणि एक बाजू खरखरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन आदल्या दिवशी पुसून ठेवा. इन्व्हर्टरवर स्पीकर गुणगुणत असतील तर आधी सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

पातळी जुळवणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. दोनपैकी किंचित मोठ्याने वाजलेली रचना कानाला 'चांगली' वाटते, मोठी आहे हे लक्षातही येत नाही. मोबाइलवर आवाज मोजणारं ॲप घ्या, बसायच्या जागी ठेवा, त्यातल्या सेटिंगमध्ये 'सी' आणि 'स्लो' निवडा. प्रत्येक रचनेतलं सर्वात भरगच्च अर्धं मिनिट वाजवून ७८ ते ८० डेसिबलवर आणा आणि ॲम्प्लिफायरचा आकडा चिठ्ठीवर लिहा. मोबाइलचं मोजमाप नेमकं नसतं, पण चारही रचना एकाच फोनने मोजल्या की तुलना बरोबर येते. फरक एक डेसिबलच्या आत हवा. स्ट्रीमिंगमधलं क्रॉसफेड (एक रचना दुसरीत विरघळवणं) बंद करा. खिडक्या उघड्या असतील तर सगळं रात्री १० च्या आत उरका.

प्रत्येक रचना तीनदा ऐकायची. पहिल्यांदा दिवे मंद, चित्र नाही, बोलणं नाही, आणि मिरचीभजी तर नाहीच. कुरकुरीत खाणं आणि पिकोलो (चिमुकली बासरी) यांची पट्टी एकच.

दुसऱ्यांदा हातावर मात्रा मोजत. खरी मजा इथे आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनी धावतो, म्हणून लयीचा हिशेब फ्रेममध्ये करता येतो: १४४० ला मिनिटातल्या मात्रांनी भागलं की एका मात्रेच्या फ्रेम मिळतात. १२० ची लय म्हणजे मात्रेला १२ फ्रेम, १४४ ची लय म्हणजे १०. आता समजा, प्रसंग सुरू झाल्यापासून साडेसात सेकंदांनी ट्रक आदळतो आणि लय १४४ आहे. साडेसात सेकंद म्हणजे १८० फ्रेम, म्हणजे १८ मात्रा. चार-चारचे चार आवर्तन झाले की १६ होतात, दोन उरतात. मग संगीतकार मध्येच दोन मात्रांचा एक तुकडा घालतो आणि आदळणं बरोबर समेवर येतं. तिहाईमध्ये (तीनदा येणाऱ्या तुकड्यात) आपण बोल बेतून समेवर पोहोचतो, सम जागची हलत नाही. इथे सम चित्र ठरवतं आणि आवर्तन कापलं जातं. पखवाजवाल्याला बोलावलं ते यासाठी. त्याची टाळी जिथे चुकते, तिथली वेळ लिहून ठेवा. चांगल्या रचनेत हा कापलेला तुकडा ठिगळ लावल्यासारखा वाटत नाही. सुरावटीलाच तिथे धाप लागलीय असं वाटतं. वाईट रचनेत नुसता धक्का बसतो.

तिसऱ्यांदा चित्रासकट. लिहून ठेवलेल्या वेळा आणि पडद्यावरच्या घटना ताडून पाहा. पण एक सावधगिरी बाळगा. चित्राशी जुळणं हे नेहमी संगीतकाराचंच कसब नसतं. 'ई.टी.' (१९८२) च्या शेवटच्या पाठलागात विल्यम्सला मोकळेपणाने वाजवून घेऊ दिलं आणि दिग्दर्शक स्पीलबर्गने नंतर चित्र त्या संगीताप्रमाणे कापलं. याच्या उलट, नंतरच्या काही 'स्टार वॉर्स' भागांत आधीच्या भागाचं संगीत तोडून-जोडून लढायांखाली घातलेलं आहे. तिथे जुळलं नाही म्हणून विल्यम्सचे गुण कापू नका.

बोलायला लागल्यावर दोन मुद्दे हमखास वेळ खातात. पहिला, 'हे तर ऑर्केस्ट्रेटरने (कोणत्या वाद्याने काय वाजवायचं ते मांडणाऱ्याने) केलंय.' आपल्याकडे हा संशय रास्त आहे. हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोवेकरांनी वाद्यवृंदाचं केवढं काम केलं आणि श्रेय कुणाला गेलं, हे इथल्या श्रोत्याला सांगायला नको. विल्यम्सच्या बाबतीत मात्र तो अनेक ओळींचा, वाद्यांच्या सूचनांसकट कच्चा आराखडा लिहून देतो; हर्बर्ट स्पेन्सरसारखे सहकारी त्यावरून पूर्ण स्वरलिपी मांडत. 'द बॅटल इन द स्नो'मधला तो पत्रा ठोकल्यासारखा क्रूर नाद पाच पिकोलो, पाच ओबो, आठ तालवादक, दोन ग्रँड पियानो आणि हार्प यांतून येतो, आणि ती कल्पना त्याचीच.

दुसरा मुद्दा 'ड्युएल ऑफ द फेट्स'च्या संस्कृत कोरसचा. स्तोत्रं पाठ असलेला कुणीतरी अन्वय लावायला बसतो. लागणार नाही. जुन्या वेल्श कवितेच्या इंग्रजी रूपातली ओळ संस्कृतात नेऊन शब्द नादासाठी मागेपुढे केलेले आहेत. अर्थ सोडा, व्यंजनं ठेक्यावर कशी आपटतात ते ऐका.

निवाड्याला दहापैकी गुण देऊ नका. सरासरीत कुणालाच न खटकणारी रचना वर येते. सहा जोड्या कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवा: चित्र विसरून यातली कोणती आत्ता पुन्हा ऐकाल? हात वर न करता चिठ्ठीवर, नाहीतर सगळे वडीलधाऱ्याकडे बघतात. आमचं मत विचाराल तर 'द ॲस्टरॉइड फील्ड'. पाठलागाच्या धुमश्चक्रीतून मध्यावर एक अख्खी, रुंद धून उभी राहते, आणि यान विवरात शिरताना सगळं निवळतं. डोळे मिटूनही तिला सुरुवात, मध्य आणि शेवट आहे. 'ड्युएल'ची पकड पहिल्या मिनिटात जास्त, पण तिसऱ्या ऐकण्यात ती फारशी वाढत नाही.

कधीकधी चक्र पडतं: पहिली दुसरीला हरवते, दुसरी तिसरीला आणि तिसरी पहिलीला. हे मोजणीतलं चुकणं नव्हे, लोकांनी प्रत्येक जोडीत वेगळा निकष लावलेला असतो. अशा वेळी पुन्हा मतदान न घेता त्या तिघींचं सर्वात शांत अर्धं मिनिट तेवढं लागोपाठ वाजवा. ॲक्शन रचनेत संगीतकार आवाज कधी खाली आणतो आणि तिथे काय सोडतो, यावर चक्र बहुतेक वेळा तुटतं. तरीही नाही तुटलं तर वेळा लिहिलेला कागद जपून ठेवा, पुढची बैठक त्याच सेकंदांपासून सुरू होईल.