दिवाळीच्या सुट्टीत या चुका टाळा: बुकिंगपासून गॅस गिझरपर्यंत

सहामाही परीक्षा संपली की सातारा-सांगलीकडच्या घरांत सगळं एकदमच सुरू होतं. फराळाचं सामान, पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची तिकिटं, खरेदी आणि भाऊबीजेनंतर दोन दिवस कुठंतरी जायचा बेत. बहुतेक कामं मोबाईलवरून आणि तीही शेवटच्या आठवड्यात. फसवणारे याच गडबडीची वाट बघत असतात. खाली सांगितलेल्या चुका अडाणीपणामुळे होतात असं समजू नका. शिकलेली, बँकेत नोकरी करणारी माणसंही त्यांत सापडतात, कारण त्या क्षणी त्यांचं लक्ष दुसरीकडे असतं.

शोधताना पहिला दिसलेला नंबर फिरवणे

महाबळेश्वर-पाचगणीचा बंगला शोधायला बसलात की सगळ्यात वर जे येतं ती बऱ्याचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. शेजारी बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही. खऱ्या हॉटेलचे फोटो उचलून, त्याच नावात एखादं अक्षर बदलून बनवलेली पानं सुट्टीच्या तोंडावर हमखास उगवतात.

पुढचं संभाषण जवळजवळ ठरलेलं असतं. फोनवरचा माणूस अदबीने बोलतो, मराठीतच बोलतो. "दादा, दिवाळीत एकच बंगला शिल्लक आहे, निम्मा ॲडव्हान्स टाका, लगेच पावती पाठवतो." तुम्ही पैसे टाकता. पाच मिनिटांत पुन्हा फोन येतो. "आमच्याकडे पेमेंट पेंडिंग दाखवतंय. तेवढीच रक्कम परत एकदा टाका, पहिली आपोआप रिफंड होईल." इथंच लोक अडकतात. पहिले पैसे वाचवायच्या नादात दुसरे जातात, मग 'परत मिळणारं डिपॉझिट' म्हणून तिसरे. पैसे दुसऱ्यांदा मागितले की फोन ठेवा. तेवढं केलंत तरी नुकसान पहिल्या रकमेवर थांबतं.

पैसे द्यायच्या आधी मालकाला व्हिडिओ कॉल करा आणि बंगल्याचं फाटक, समोरचा रस्ता दाखवायला सांगा. खरा मालक दोन मिनिटांत दाखवतो, खोटा नेटवर्कचं कारण सांगतो. यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. बंगला महाबळेश्वरचा आणि खातं भलत्याच नावाचं असेल तर तिथंच थांबा. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आई-वडिलांना, पाठ करून द्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले.

बँकेचा किंवा कुठल्याही सेवेचा ग्राहक सेवा क्रमांक शोधून काढू नका. तो कार्डाच्या मागे, पासबुकवर किंवा ॲपच्या आत असतो. पत्ता ओळखायच्या दोन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता शक्यतो 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा संपतो. आणि रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, त्यामुळे बँकेचं पान उघडल्यावर नजर पत्त्याच्या शेवटाकडे जाऊ द्या. सुरुवातीचं बँकेचं नाव कुणीही लिहू शकतं.

तिकीट आयत्या वेळी, कुणाकडूनही

कोयना किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसने साताऱ्याला, सांगलीला येणाऱ्यांना हे ठाऊक असेल, पण घरोघरी अजून घोळ आहे: आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी उघडतं. तत्काळ वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि बाकीच्यांसाठी ११ वाजता सुरू होतं. जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीवर तत्काळ काढायला खातं आधारशी पडताळलेलं लागतं. ही पडताळणी आदल्या आठवड्यात करून ठेवा. दहाला दोन मिनिटं कमी असताना ओटीपीची वाट बघत बसलात तर गाडी हातची गेली. मग माणूस 'कन्फर्म करून देतो' म्हणणाऱ्या अनोळखी नंबरकडे वळतो.

खासगी ट्रॅव्हल्सवाले दिवाळीत वाटेल ते भाडं सांगतात. राज्य सरकारने २०१८ सालीच ठरवून दिलंय की त्याच अंतराच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा. लोक तक्रारच करत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

व्हॉट्सॲपवर आलेली फाईल उघडणे

'आरटीओ चलन', 'लग्नपत्रिका', 'दिवाळी भेट' अशा नावाची फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. एकदा बसलं की तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. गंमत म्हणजे फाईल ओळखीच्याच माणसाकडून आलेली असते, कारण त्याचा फोन आधीच त्यांच्या ताब्यात गेलेला असतो. चलन खरंच आहे का ते बघायचं तर 'महाट्रॅफिकईचलन डॉट जीओव्ही डॉट इन' हा पत्ता स्वतः टाईप करून गाडीच्या नंबरावरून बघा.

चुकून उघडलीच तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा. मग ते ॲप काढा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. नेटवर्क परत चालू केल्यावर डायलवर ##००२# लावा, म्हणजे तुमचे कॉल कुठं वळवले असतील तर ते बंद होतील. एवढं करूनही शंका वाटली तर महत्त्वाचे फोटो दुसरीकडे उतरवून घ्या आणि फोन फॅक्टरी रिसेट करा.

पैसे गेल्यावर लाजेने गप्प बसणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घरच्यांना काय सांगू, लोक काय म्हणतील, या विचारात रात्र जाते आणि तेवढ्यात पैसे चार-पाच खात्यांतून फिरून काढलेही जातात. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन क्रमांक आहे. तिथं तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवून रक्कम रोखायचा प्रयत्न होतो, आणि तो प्रयत्न मिनिटांवर अवलंबून असतो. फोन लावताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक), वेळ, रक्कम आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा. मग 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन'वर तक्रार पूर्ण करा. चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो. यानंतर कुणी 'गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा' म्हणत आला तर तोही त्याच टोळीतला समजा.

फोनच हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन 'संचार साथी' संकेतस्थळावरून तो ब्लॉक करता येतो. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. आजच *#०६# डायल करून तो वहीत लिहून ठेवा.

घाटातल्या चुका

सुट्टीच्या शनिवारी खंबाटकीच्या चढाला गाड्या बाजूला लावून बॉनेट उघडलेली दिसतात. रांगेत अर्धा क्लच दाबून गाडी चढावर धरून ठेवली की क्लच जळतो. त्याऐवजी हँडब्रेक लावा. इंजिन तापलं तर बाजूला घेऊन बंद करा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं. पसरणी किंवा आंबेनळी उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे अजून भेटतात. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर ब्रेक तापून ऐन वळणावर धरत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर मदत हवी असेल तर १०३३, आणि कुठंही ११२.

कासला जाणार असाल तर दिवाळीपर्यंत फुलांचा बहर सहसा ओसरलेला असतो, हे पाहुण्यांना आधीच सांगा.

खरेदी

धनत्रयोदशीला सोनं घेताना दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा अक्षर-आकड्यांचा सहा अंकी ओळख क्रमांक, असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये दुकानातच टाकून बघा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो सक्तीचा आहे आणि चांगला सराफ स्वतःहून दाखवतो. खव्याच्या मिठाईवर चौदा आकडी परवाना क्रमांक बघा. भेसळीची शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

'शिवकाशीहून थेट घरपोच, ऐंशी टक्के सूट' अशा फटाक्यांच्या संकेतस्थळांवर पैसे भरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांच्या ऑनलाइन विक्रीला मनाई केली आहे. त्यामुळे माल आला नाही तरी भांडायला तुमची बाजू लंगडी. फुसका निघालेला फटाका पुन्हा पेटवायला मुलांना जाऊ देऊ नका. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काही लावू नका.

बंद न्हाणीघरातला गॅस गिझर

या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल. नरक चतुर्दशीला पहाटे चारपासून अंघोळी सुरू होतात. घर पाहुण्यांनी भरलेलं, एकामागून एक सगळे आत जातात, गिझर बंद होतच नाही. थंडी म्हणून खिडकीच्या झडपा लावलेल्या, कुणीतरी फटीत कापड कोंबलेलं. गॅस जळताना खोलीतला ऑक्सिजन वापरतो. तो कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा सुमारे दोनशे पटीने घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मळमळतं, पायातली ताकद जाते, आणि कडी उघडायच्या आत तो खाली बसतो. बाहेरच्यांना वाटतं, उटणं लावून निवांत अंघोळ चालली आहे.

गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या गॅलरीत बसवून घ्या आणि फक्त पाण्याची नळी आत आणा. तोवर बादल्या भरून गिझर बंद करा आणि मगच माणसाने आत जावं. दोन अंघोळींच्या मध्ये दार-खिडकी दहा मिनिटं उघडी राहू द्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर मेकॅनिकला बोलवा आणि तोपर्यंत पाणी चुलीवर किंवा विजेवर तापवा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं आत असताना कडी लावू नये, बाहेरून कुणीतरी हाक मारत राहावं.

हाकेला ओ आली नाही तर वाट बघू नका, दार तोडा. श्वास रोखून आत जा, माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि कुणाला येत असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. तिथं पोचल्यावर पहिलं वाक्य 'गॅस गिझर चालू होता' हे सांगा, कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषबाधेत आकडा चांगला दाखवतं आणि तेवढ्यावर पेशंटला घरी पाठवलं जाण्याचा धोका असतो.