टेक्निकल लेन्स मिररलेस मीडियम फॉरमॅटवर लावण्याआधीची तयारी

या जुळणीत टेक्निकल लेन्स लेन्सबोर्ड नावाच्या पाटीवर बसते, बोर्ड पुढच्या स्टँडर्डवर (उभ्या चौकटीवर), कॅमेऱ्याची बॉडी मागच्या स्टँडर्डवर, आणि मध्ये बेलोज, म्हणजे घड्यांचा भाता. लेन्स घेण्याआधी एक वजाबाकी करून घ्या, कारण या जुळणीत जे अडतं ते बहुतेक वेळा लेन्सच्या मागच्या काही मिलिमीटरांत अडतं. फुजीफिल्म जीएफएक्सचं माउंट सेन्सरच्या २६.७ मिमी पुढे असतं, हॅसलब्लाड एक्सचं १८.१४ मिमी. लेन्सच्या डेटाशीटवर अनंताला फोकस असतानाचं फ्लँज अंतर, म्हणजे लेन्सच्या बसणीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर, दिलेलं असतं. त्यातून माउंटचा आकडा वजा करा. उरेल तेवढ्यात लेन्सबोर्ड, दाबलेलं बेलोज, दोन्ही स्टँडर्ड आणि माउंटची रिंग मावली पाहिजे. समजा लेन्सचं अंतर ६० मिमी आहे, तर जीएफएक्सवर ३३.३ मिमी उरतात. स्टँडर्ड एकमेकांना टेकवूनही बोर्ड ते माउंट ३५ मिमी भरत असेल, तर लांबचं काहीच शार्प येणार नाही. अशा वेळी आत दबलेला, म्हणजे रिसेस्ड बोर्ड लागतो. आणि नुसतं कसंबसं मावणं पुरेसं नाही, शिफ्ट करताना, म्हणजे लेन्स किंवा बॉडी समांतर सरकवताना, बेलोजला हलायला जागा हवी. वाइड लेन्सला म्हणूनच मऊ, पिशवीसारखं बॅग बेलोज घ्या.

आता व्हर्नियर घेऊन बोर्डाच्या बसणीपासून मागच्या काचेच्या कडेपर्यंतचं अंतर आणि मागच्या नळीचा व्यास मोजा. श्नायडर डिजिटारच्या वाइड लेन्स सिमेट्रिकल घडणीच्या आहेत, त्यांची मागची काच सेन्सरच्या फार जवळ येते. ती माउंटच्या तोंडात शिरली की शिफ्ट आणि टिल्ट (लेन्स झुकवणं) संपलेच, वर किरण सेन्सरवर इतके तिरके पडतात की एका बाजूला हिरवट आणि दुसऱ्या बाजूला जांभळट झाक येते. रोडेनस्टॉक एचआर डिगारॉनच्या वाइड लेन्स रेट्रोफोकस आहेत. आकाराने मोठ्या आणि वजनदार, पण मागे जागा सोडणाऱ्या. मिररलेस बॉडीसाठी वाइडमध्ये याच आधी पाहाव्यात. बॉडीचाही फरक पडतो: जीएफएक्स १०० मालिकेचा बॅक-साइड इल्युमिनेटेड सेन्सर तिरके किरण ५० मेगापिक्सेलवाल्यापेक्षा बराच चांगला झेलतो.

इमेज सर्कलचा, म्हणजे लेन्स सेन्सरच्या पातळीवर टाकते त्या प्रकाशवर्तुळाच्या व्यासाचा, हिशेब घरीच करून वहीत लिहा. सेन्सर ४३.८ गुणिले ३२.९ मिमीचा. सर्कल ९० मिमी असेल तर आडव्या फ्रेममध्ये वर सुमारे २३ मिमी आणि बाजूला सुमारे २० मिमी सरकता येतं. सर्कल ७० मिमी असेल तर वर जेमतेम ११, बाजूला ९. दोन्ही बाजूंना १५-१५ मिमी शिफ्ट करून फ्रेम जोडायच्या असतील, तर ७३.८ मिमी रुंद चित्र मिळतं आणि सर्कल किमान ८१ मिमी लागतं. म्हणजे ७० वाली इथे बादच. हे भूमितीचे आकडे झाले. प्रत्यक्षात माउंटचं तोंड आणि बॉडीची खोली आधीच कोपरे कापू शकतात, तेव्हा प्रत्येक लेन्सला एका पांढऱ्या भिंतीसमोर २-२ मिमीने सरकवून कोपरा कुठे काळा पडतो ते नोंदवा. जोडायच्या फ्रेमसाठी नेहमी कॅमेऱ्याची बाजू सरकवा, लेन्सची नाही. लेन्स हलली की दृष्टिबिंदू हलतो आणि जवळच्या वस्तू सांध्यावर जुळत नाहीत.

बोर्डाचं भोक लेन्सच्या पातींच्या शटरप्रमाणे: कोपल ०ला ३४.६ मिमी, कोपल १ला ४१.६. बोर्डावर बसवताना मागचा सेल (शटरमागचा काचांचा गट) फिरवून काढा, शटर भोकात घाला, रिटेनिंग रिंग स्पॅनरने आवळा आणि सेल परत लावा. शटरच्या पाठीवर एक छोटा पिन-स्क्रू असतो. बोर्डाला त्याची खाच नसेल तर तो काढावा लागतो, नाहीतर शटर तिरकं बसतं. पुढचा सेल शक्यतो काढूच नका. काढावाच लागला तर मऊ कापडावर काढा, कारण तिथे पातळ पितळी शिम असू शकते. ती हरवली की दोन्ही सेलमधलं अंतर बदलतं, कडा मऊ पडतात आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. शूटच्या वेळी कोपल टी वर ठेवून उघडं ठेवा आणि समोरून पाहून पाती पूर्ण मागे गेल्याची खात्री करा. शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही विजेवर चालणारं युनिट असेल, तर त्याचा कंट्रोलर बरोबर आहे ना, हे लेन्स हातात घेतानाच विचारा.

आता लेन्स आणि सेन्सरचा समांतरपणा. एफ/५.६ वर १०० मेगापिक्सेलच्या ३.७६ मायक्रॉन पिक्सेलसाठी सेन्सरपाशी फोकसची सूट जेमतेम ०.०४ मिमी असते. स्टँडर्डमध्ये तेवढा खेळ कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. सगळे झीरो लॉक (हालचाली शून्यावर अडकवणारे) लावा, लांबची सपाट इमारत एफ/५.६ वर टिपा आणि डावी, मधली, उजवी कड १०० टक्के मोठी करून बघा. एकच बाजू मऊ असेल तर बोर्ड १८० अंशांत उलटा बसवून पुन्हा टिपा. मऊ बाजू बदलली तर दोष बोर्डाचा किंवा लेन्सचा, तीच राहिली तर स्टँडर्डचा किंवा माउंटचा. ही एक चाचणी टाळू नका. इतर सगळ्या चुका नंतर थोड्याफार सावरता येतात, ही येत नाही.

प्रकाशगळतीसाठी लेन्सला झाकण लावून जुळणी कडक उन्हात ठेवा आणि आयएसओ ८०० वर ३० सेकंदांचं एक्स्पोजर घ्या. राखाडी पट्टा दिसला तर बेलोजची घडी आणि माउंटची रिंग तपासा.

बॉडीत ‘लेन्सशिवाय शूट’ चालू करा, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स पक्के करा, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. जीएफएक्सवर इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन वापरा. हॅसलब्लाड एक्सला स्वतःचं फोकल प्लेन शटर नाही, तेव्हा अशा लेन्सबरोबर फक्त इलेक्ट्रॉनिक शटर चालतं. त्याचं रीडआउट संथ आहे: हलणारी माणसं आणि पानं वाकडी येतात, काही एलईडी दिव्यांखाली पट्टे उठतात आणि फ्लॅश जुळत नाही. फ्लॅशचं काम असेल तर जीएफएक्सच न्या.

जमीन जवळून लांबपर्यंत शार्प हवी असेल, तर टिल्टचा अंदाज आधीच काढून ठेवला की जागेवर वेळ वाचतो. फोकल लेंग्थ भागिले लेन्सपासून जमिनीपर्यंतची उंची, गुणिले ५७. म्हणजे ९० मिमी लेन्स दीड मीटरवर असेल तर सुमारे साडेतीन अंश. फोकस कामाच्या अ‍ॅपर्चरवरच तपासा. बहुतेक काम एफ/८ ते एफ/११ मध्ये होतं, त्यापुढे डिफ्रॅक्शनने बारकावे विरघळू लागतात.

पिशवीत स्पॅनर, एलन की, ब्लोअर, काळं कापड, वाइडसाठी कडेचा अंधार भरून काढणारा सेंटर फिल्टर (साधारण दीड ते दोन स्टॉप जातात) आणि दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा हवाच. शिफ्ट, टिल्ट किंवा अ‍ॅपर्चर बदललं की प्रत्येक मांडणीसाठी हा तुकडा लेन्सला सपाट धरून एक एलसीसी फ्रेम (रंगाची झाक आणि कडेचा अंधार नंतर सुधारायला लागणारी) घ्या, हिस्टोग्राम मध्यावर, कुठलाही चॅनल न जळता. एलसीसीची आळशीपणे घेतलेली एकच फ्रेम सगळ्यांना लावली तर झाक उलट दुसऱ्या बाजूला वाढते. जीएफएक्सच्या फाइल्स कॅप्चर वनच्या एलसीसीमध्ये सुधारतात, धुळीचे ठिपकेही तिथेच निघतात. एक्सच्या फाइल्ससाठी हॅसलब्लाडच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये सीन कॅलिब्रेशन आहे. फाइलमध्ये लेन्स आणि अ‍ॅपर्चरची नोंद होत नाही, म्हणून प्रत्येक फ्रेमपुढे फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर, शिफ्टचे मिमी आणि दिशा वहीत लिहा, आणि एलसीसी फ्रेमलाही तोच क्रमांक द्या.